पाण्याखालचा काठ

बरगीच्या जलाशयावर नावा चालवणारे पुष्कळ आहेत, पण मी ज्याचं सांगून राहिलो तो शालिग्राम बर्मन निराळाच माणूस. अंगाने काटकुळा, तळहातांना चामड्यासारखे घट्टे, आणि मराठी अशी की ऐकणाऱ्याने नुसतं बघत राहावं. पहिल्या भेटीत मी विचारलं, "काय बापा, मराठी समजते का?" तर म्हणाला, "समजते. पाय दुखतात का? ताक आहे. पुढे चढ आहे. संडास तिकडे." झालं, मराठी संपली. नर्मदेची परिक्रमा करणारी आपली माणसं त्याच्या दारावरून जातात, त्यांच्याकडून शिकलेली ही भाषा. मी हसलो तर म्हणाला, "दादाजी, इससे आगे किसी ने कुछ पूछा ही नहीं."

मी चार यत्ता शिकून गावाकडून आलो आणि इकडे खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली. मशीनला नुसता कान लावून दुखणं सांगणारे मिस्त्री पाहिले. पण बुडालेलं गाव पाठ असलेला माणूस हा एकच पाहिला.

धरणाच्या आधी नर्मदेच्या उत्तर काठावर त्यांचं गाव होतं, गावाला दगडी घाट होता, आणि घाटावर त्यांचा डोंगा. बाप गेल्यावर डोंगा शालिग्रामकडे आला. बाजाराची माणसं, बकऱ्या, भाजीच्या टोपल्या, सगळं ह्या काठावरून त्या काठावर. एकदा घोड्यावरचा नवरदेव आला. घोडा मुकाट्याने डोंग्यात चढला, पण नवरदेवाला पाण्याची भीती, तो काही केल्या चढेना. शेवटी घोडा पलीकडे, वरात पलीकडे, आणि नवरदेव इकडे घाटावर बसलेला. शालिग्रामने त्याचे डोळे शेल्याने बांधले, "चलो राजा, पालकी में बैठो" म्हणून नेला. पलीकडे पोचेपर्यंत तो विचारून राहिला होता, पालखी इतकी काहून हलते.

मग धरण भरलं. गाव टेकडीवर सरकलं, खालच्या टेकड्यांची बेटं झाली. शालिग्रामने इंजिनाची नाव घेतली आणि ती बेटं लोकांना दाखवायला लागला. त्याच्या नावेत बसलं की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. समोर सपाट पाणी, ना दगड ना झाड, तरी हा मधेच वळतो. थोडं जातो, पुन्हा वळतो. मी विचारलं, काहून रे? म्हणाला, "नीचे सडक मुड़ती है." पाण्याखाली जुन्या जंगलातले खुंट अजून उभे आहेत, नावेचा तळ फाडतात. जुना बैलगाडीचा रस्ता तेवढा मोकळा. म्हणून तो रस्त्यावरूनच नाव नेतो. पण बुडालेल्या स्मशानाजवळ खुंट नाहीत, तरी तिथे वळसा घालतो. त्याचं कारण मी विचारलं नाही.

आता ती २००९ सालची गोष्ट. माझी धाकटी बहीण भानुमती परिक्रमेत होती. एकसष्ट वय, अनवाणी पाय. ओंकारेश्वराहून निघून समुद्रापर्यंत गेली आणि उत्तर काठाने परत येता येता चातुर्मासाला आमच्या इथल्या ग्वारीघाटच्या आश्रमात थांबली. परिक्रमेचा नियम कडक. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, मैय्याची धार कुठेही ओलांडायची नाही. ओलांडली की चाललेलं सगळं वाया, पुन्हा पहिल्यापासून. तिचं दीड वर्ष चालून झालं होतं.

दिवाळी झाली, ती निघायला चार दिवस राहिले. मला वाटलं, बिचारीने नुसते काटे आणि धूळ पाहिली, एक दिवस मजेचा दाखवावा. शालिग्रामची नाव पूर्ण दिवसासाठी ठरवली. बरगीच्या बाजूने जायचं तर तिलवाऱ्याचा पूल लागतो आणि पुलावरून नर्मदा ओलांडली जाते, म्हणून मी मोठ्या हुशारीने जीप उत्तर काठानेच, बरेल्याकडून, काढायला लावली. मुलगा श्रीरंग म्हणाला, "बाबा, तुम्ही तर सगळाच विचार करून ठेवता." मी पण मिशीला पीळ दिला.

नावेत आम्ही चौघं. मी, श्रीरंग, सून मनीषा आणि भानू. ऊन चढून राहिलं होतं, म्हणून मी म्हटलं, "शालिग्राम, जरा जल्दी चलो भैया. वळसे कमी घाल." त्याने माझं ऐकलं. रस्ता सोडला आणि सरळ पहिल्या बेटावर नेलं. बेट छान, पळसाची झाडं, काठावर पाणकावळे पंख पसरून बसलेले. भानूने हाताने पाणी वर उडवलं, हसली. मनीषा म्हणाली, "आत्या, ते मोठं बेट अजून छान आहे. वर जुनं देऊळ आहे."

भानूने सहज विचारलं, "दादा, ह्या तलावाला नाव काय?"

मी म्हटलं, "बरगी धरण. नर्मदेवरचं."

बोललो आणि मग माझ्याच ध्यानात आलं. पूल टाळला आणि तिला मैय्याच्या अंगावरच आणून बसवलं. मी आयुष्यभर तलाव तलाव म्हणत आलो होतो. भानूच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. ती काही रडली नाही. तिने पदर डोक्यावर घेतला, कमंडलू मांडीवर ओढला आणि शालिग्रामला म्हणाली, "भैया, धार ओलांडली का?"

मनीषा मधे पडली. "आत्या, समुद्रावर तुम्ही नावेत बसूनच ह्या काठाला आल्या ना?"

"तिथे मैय्या संपते. इथे संपली काय?"

शालिग्राम नावेत उभा राहिला. बेटाकडे पाहिलं, मग आलो त्या बाजूकडे. मी हळूच मागे सरकलो आणि त्याच्या कानाशी म्हणालो, "बापा, नाही ओलांडली एवढं बोलून दे. खाली तिला काय दिसते?"

तो तेवढ्याच हळू आवाजात म्हणाला, "पूछ माताराम रही हैं, आप नहीं."

मग भानूसमोर उकिडवा बसला आणि हिंदीत, मराठीत, जसं जमेल तसं सांगितलं. हे बेट म्हणजे त्यांच्या गावची गुरं चारायची टेकडी, ती उत्तर काठावरचीच. मोठं बेट धारेच्या पलीकडचं, तिथे तो आता तिला नेणार नाही. पण येताना रस्ता सोडला, तिथे घाटापाशी नदी वळून गावाला खेटून वाहायची. "वहाँ नाव घाट के ऊपर से निकली या धार में से, मैं बिना देखे नहीं बोलूँगा."

"पाहा," भानू म्हणाली.

येताना त्याने बेटावरच्या पळसाच्या शेंड्यावर नावेच्या नाकाची रेघ धरली होती. आता तोच पळस पाठीमागे ठेवून, समोर नव्या गावच्या देवळाचा झेंडा धरून तो परत निघाला. इंजिन बंद केलं. लोखंडी टोकाचा लांब बांबू काढला आणि नावेची लांबी सरकली की एकदा, असं तळ शोधायला लागला. प्रत्येक वेळी टोकाला चिखल, म्हणजे खाली जुनी जमीन. बांबू वर येई, आम्ही श्वास सोडू. मग बांबू जास्त आत जायला लागला. आधी दोन हात बाहेर राहायचा, मग एक, मग वीतभर.

श्रीरंगने माझा हात धरून ठेवला होता. मला वाटून राहिलं होतं, ह्या वयात बहिणीला पुन्हा ओंकारेश्वराहून चालायला लावणारा भाऊ मी.

आणि खालून आवाज आला, टक.

शालिग्रामने बांबू हातभर काठाच्या बाजूला घेतला. टक, पण थोडं वर. अजून हातभर, अजून थोडं वर. त्याने डोळे मिटले होते, ओठ हलत होते, मोजत असावा. मग तो नदीच्या अंगाला वाकला आणि तिकडे बांबू सोडला. पूर्ण बांबू गेला, त्याचा हात खांद्यापर्यंत पाण्यात गेला, तळ नाही. ते पण त्याने लपवलं नाही.

"माताराम, नाव घाटावरून गेली. अगदी शेवटची पायरी. त्याच्या पुढे धार आहे. धारेत नाही गेली."

"शेवटची पायरी पाण्यात असायची का?"

"उन्हाळ्यात कोरडी. पावसानंतर घुटने तक पाणी. तिथे बायका आंघोळ करत होत्या."

मग भानूनेच निवाडा दिला, माझ्याकडे न पाहता. "मी रोज आंघोळीला गुडघाभर उतरते. आज पण तेवढीच उतरले." तिने ओंजळ भरून पाणी परत पाण्यात सोडलं आणि मनीषाला म्हणाली, "दशम्या काढ. ह्या भैयाला पहिले."

मनीषाने मोठ्या बेटाचं नाव पुन्हा काढलं नाही. शालिग्रामने जेवण झाल्यावर पण इंजिन सुरू केलं नाही. कोणी सांगितलं नव्हतं. काठापर्यंत पाऊण तास तो बांबूनेच नाव ढकलत आला, प्रत्येक वेळी तळाला टेकवून, म्हणजे खाली जमीन आहे हे तिला ऐकू यावं. मी त्याच्याशेजारी बसून राहिलो. म्हटलं, "माझं चुकलं बापा, मी तुला खोटं बोलायला सांगून राहिलो होतो." तो म्हणाला, "बहन है ना आपकी," आणि बांबू मारत राहिला.

भानूने विचारलं, "किती पायऱ्या होत्या घाटाला?"

"बावीस," शालिग्राम म्हणाला. मग जणू ती आत्ता पायऱ्याच उतरणार होती, तसं म्हणाला, "खालून चौथी तुटलेली आहे, माताराम. जपून."