उसाच्या फडातली नववी

आमच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत मोठा टीव्ही आला, त्या दिवशी मुख्याध्यापकांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि लगेच त्यावर प्लास्टिकचं कव्हर चढवलं. धूळ बसू नये म्हणून. पाथर्डी तालुक्याच्या आमच्या त्या टोकाला धूळ बसायची नाही अशी जागा मला अजून सापडलेली नाही. मी मूळची राहुरीकडची, कालव्याच्या पाण्यावर वाढलेली. इथे विज्ञान शिकवायला आले तेव्हा पहिलं वर्षभर मला सगळा गाव उन्हात झोपल्यासारखा वाटायचा. नंतर मलाही तशीच सवय लागली. फळ्याकडे पाठ करून खिडकीबाहेरच्या पिवळ्या माळाकडे बघत उभी राहिले, की मुलं आपसात कुजबुजायची, "गेल्या मॅडम."

कव्हर मी तिसऱ्या दिवशी काढलं. सर रागावले. मी त्यांच्यापेक्षा जास्त रागावले. तेव्हापासून त्या टीव्हीची मालकी माझ्याकडे आली.

खरं म्हणजे मला तो हवा होता एका मुलीसाठी. दसरा झाला की आमच्याकडची गावं रिकामी होतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, ट्रॅक्टरवर भांडी, पत्रे, कोंबड्या आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी मुलं. नववीतली माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी त्या वर्षी अशीच निघाली होती. आधीची सगळी वर्षं ती चुलतीकडे राहून शिकली. पण त्या उन्हाळ्यात तिच्या आईचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं. ऊसतोडीत जोडी धरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून वाहते, आणि त्या दोघांना मिळून एक कोयता म्हणतात. आई घरी राहिली, तेव्हा जोडीला मुलगी उभी राहणार, एवढा साधा हिशेब होता.

मी शाळेच्या पायऱ्यांवर तिच्या वडिलांशी भांडले. कायदा सांगितला, वसतिगृहाचं बोलले, आवाज चढवला. ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हंगाम संपू द्या म्याडम, मंग बघू." आमच्या भागातलं हे 'बघू' मला चांगलं ठाऊक आहे. नववीत फडावर गेलेली मुलगी दहावीच्या वर्गात परत आलेली मी तरी पाहिली नव्हती. मुलगी बाजूला उभी होती.  मी तिच्या वडिलांचा मोबाईल नंबर घेतला आणि दुपारी भाकरी खायच्या सुट्टीत फोन करीन, तो तिच्या हातात द्यायचा, असं वचन घेतलं. एवढं मात्र त्यांनी लगेच कबूल केलं.

टोळी कोल्हापूरच्याही खाली गेली होती. पहिल्यांदा व्हिडिओ कॉल लागला तेव्हा सगळा टीव्ही हिरवा झाला. आमच्या करड्या भिंतीवर एकदम उसाचं रान उभं राहिलं, पाती हलत होती, आणि मध्ये ती, डोक्याला टॉवेल गुंडाळून, गालावर पातींचे ओरखडे.  माझा आवाज तिच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागायचा. तेवढा वेळ ती वाट बघत, किंचित हसत अगदी निश्चल बसायची. मग ऐकू आलं की चेहरा जागा व्हायचा. त्या मधल्या क्षणांची मला ओढच लागली. वाटायचं, ती पाण्याच्या तळाशी बसली आहे आणि आम्ही काठावरून हाका मारतोय.

अशी आमची नववी रोज अर्धा तास फडात भरू लागली. कांद्याची साल तिने भाकरीबरोबरच्या कांद्याची काढून दाखवली, मी तशीच इथल्या कांद्याची सूक्ष्मदर्शकाखाली धरून मोबाईलने टीव्हीवर टाकली. टोळीतल्या बायका तिच्या मागे येऊन बसायच्या. एक आजीबाई मोबाईलमधल्या मला बघून रोज पदर सारखा करायच्या. मलाही मग पदर सारखा करावा लागायचा, आणि मी तर पंजाबी ड्रेसमध्ये असायची.

सावलीचा प्रयोग मला एका दुपारी सुचला, माळाकडे बघता बघताच. ती आमच्यापासून जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. एकाच मापाची काठी आम्ही इथे रोवली आणि तिने तिथे रोवली, भर दुपारची सावली दोन्हीकडे मोजली, तर सावल्यांमधल्या फरकावरून आणि मधल्या अंतरावरून अख्ख्या पृथ्वीचा घेर काढता येतो. फार जुनी युक्ती आहे, पुस्तकात चौकटीत छापलेली असते आणि कोणी करून बघत नाही. कारण एकाच वर्गातली माणसं दोन लांबच्या गावांत एकाच वेळी कशी असणार? आमची होती. मला इतका आनंद झाला की मी डबा न खाताच घरी गेले.

डिसेंबरची स्वच्छ उन्हं होती. आम्ही मैदानात मीटरभर उंचीचा बांबू ओळंब्याने सरळ उभा केला. तिकडे तिने ऊसच घेतला, टेपने मोजून मीटरभर तोडला आणि दोऱ्याला दगड बांधून सरळ रोवला. सावली आखडत गेली, आखडत गेली आणि थांबली. आमची ब्याण्णव सेंटिमीटर भरली, तिची चौऱ्याऐंशी. मैदानातली पोरं उगीचच ओरडली, "आमची जास्त! आमची जास्त!" टीव्ही खिडकीशी ओढून ठेवला होता. त्यात मला तिचे वडील दिसले. हातात भाकरी तशीच, आणि चेहरा पडलेला.

माप एकदा घेऊन भागत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं. आमची सावली तेवढीच. तिची सत्त्याण्णव. मी पुन्हा मोजायला लावलं. सत्त्याण्णव! वर्गात येऊन गणित मांडलं तर पृथ्वी गोल राहीना, ती परातीसारखी आत खोल गेलेली निघाली. मुलं हसून लोळायची बाकी राहिली. एक जण म्हणाला, "तरीच पानी सगळं तिकडं साचतंय मॅडम, आपल्याकडं येतच न्हाई." मला हसू आलं नाही. मी टीव्हीवर तिला झापलं, की मापात हयगय मला चालत नाही. ती रडवेली झाली. आज मोळ्या वाहून ती ऐन वेळी पळत आली होती, काठी आधीच रोवलेली होती, तिने सावली नीट मोजली होती, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

"काठी कोणी रोवली?" मी विचारलं.

 मग तिचे वडील पुढे आले. "म्या रवली म्याडम. कालचा ऊस लई बारका हुता. पोरीचं कमी भरलं, समदी पोरं हसाया लागली. म्हनून आज चांगला उच्चा, सरळ बघून लावला. आज तर आमचं जास्त भरलं न्हवं?"

त्या माणसाचं सगळं आयुष्य वजनकाट्यावर गेलेलं. गाडी कमी भरली की मुकादम बोलतो, जास्त भरली की त्या दिवशी भाकरी गोड लागते. कमी भरणं चांगलं असू शकतं, हे त्याला कोणी कधी सांगितलं असेल? माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांना समजावलं, तुमच्याकडे सूर्य जास्त डोक्यावर येतो, म्हणून सावली आखूडच पडायला हवी. आमच्यापासून जितकं दक्षिणेला लांब जाल तितकी ती कमी भरेल. पोरीचं कालचं माप पैकीच्या पैकी बरोबर होतं.

"म्हंजे आमी घरापासून लांब हावोत, ते सावलीत कळतं?"

"हो, कळतं."

"आरं तिच्या," ते म्हणाले, आणि मान वळवून त्या उसाच्या कांडक्याकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी माप बरोबर आलं. नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढलं, गणित केलं, आणि फळ्यावर पृथ्वीचा घेर उतरला. पुस्तकातल्या आकड्याच्या अगदी जवळ. वर्गात नुसता कल्ला. मी खुर्चीत बसूनच राहिले. बाहेर माळावर ऊन थरथरत होतं, आत टीव्हीत ऊस हलत होता, आणि मला खरोखर वाटलं की पायाखाली जमीन हलकीशी वाकली आहे, आमच्या मैदानापासून त्या फडापर्यंत, एका मोठ्या शांत पाठीसारखी. आमची रिकामी बाकं, ते ट्रॅक्टर, ती पांगलेली मुलं, हे सगळं क्षणभर कशाच्या तरी उपयोगी पडलं होतं. इतकी सुखी मी शाळेत कधीच नव्हते.

ते सुख दोन दिवस टिकलं. मुख्याध्यापकांनी प्रयोगाचा व्हिडिओ वरच्या कार्यालयात पाठवला, तिकडून कौतुक आलं. सर मला म्हणाले, "बघा, मुलगी फडावर असून शिक्षणात खंड नाही. पुढच्या वर्षीही असंच ठेवू." आणि त्याच दुपारी तिच्या वडिलांनी आपणहून फोन केला. आवाजात एवढा आनंद मी कधी ऐकला नव्हता. "म्याडम, म्या इचार केला. शाळा तर हितंच होती की. धावीबी अशीच करू. परीक्षेला तेवढं घिऊन येतो. तुमालाबी ती हितंच लागती, सावली मोजाया!"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तिला परत आणायला जी दोरी मी वळत होते, त्याच दोरीने मी तिला तिकडे पक्कं बांधून टाकलं होतं. डोक्यात अशी तिडीक गेली, की तो टीव्ही पुन्हा कव्हरात घालावा आणि वर दगड ठेवावा. पण मग ती अर्ध्या तासालाही मुकली असती. मी वडिलांना एवढंच म्हणाले, "आधी तिला विचारा." ते म्हणाले, "तिला काय इचारायचं? ती खुशीत हाय." आणि हे मला नाकारता येईना. टीव्हीत ती दिसायची तेव्हा खुशीतच असायची.

म्हणून दुसऱ्या दिवशी मीच विचारलं, सगळ्या वर्गासमोर आणि सगळ्या टोळीसमोर. वडील मागे वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा बांधत होते. मी म्हणाले, "सावलीचा प्रयोग पुढच्या वर्षी पुन्हा करू. तू काय करशील?"

आवाज पोचेपर्यंत ती नेहमीसारखी थांबली. मग ऐकू गेलं. चेहरा जागा झाला, पण या वेळी हसली नाही. तिने आधी मागे वडिलांकडे पाहिलं, मग सरळ माझ्याकडे.

"मॅडम, मला तुमच्या बाजूची सावली मोजायचीय."

मागे भारा बांधणारे हात थांबले. तिने मोबाईल खाली ठेवला असावा, कारण टीव्हीभर नुसतं निळं आभाळ आलं आणि कडेला उसाचे दोन शेंडे. बराच वेळ आम्ही सगळे ते आभाळ बघत बसलो. कोणी बोलत असल्याचं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मग कॉल तुटला. त्यानंतर आठवडाभर फोन लागला नाही. मी रोज दुपारी लावायचे आणि मुलं रोज विचारायची. उगाच विचारलं असं वाटून मी त्या आठवड्यात सगळ्यांवर खेकसत होते.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी ती वर्गाच्या दारात उभी होती. वडिलांनी तिला कोल्हापूरहून एसटीत बसवून दिलं होतं, बरोबर गावातल्या एका म्हाताऱ्या जोडप्याची सोबत होती. हातांना घट्टे, केस उन्हाने तांबूस, आणि दप्तराऐवजी खताची पिशवी. आईकडे घरी राहते म्हणाली. शेवटच्या बाकावर जागा होती, तिथे जाऊन बसली. मला काही शिकवणं सुचेना. मी रडले, आणि मुलांनी बघितलं, आणि बघू दे म्हटलं.

त्या दुपारी, भाकरीच्या सुट्टीच्या वेळी, तिच्या वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. आता ते अर्धा कोयता म्हणून दुसऱ्या एका एकट्या माणसाबरोबर जोडी धरणार होते. आता तोडायचंही स्वतः आणि मोळ्या वाहायच्याही स्वतःच. हे त्यांनी असं सांगितलं, जसं कोणी आज वारा सुटलाय म्हणून सांगतं. मागे ऊस होता, मांडीवर फडकं पसरलेलं, आणि शेजारी कोणी नव्हतं. "पोरगी दाखवा," ते म्हणाले.

मी मोबाईल वर्गाकडे फिरवला. ते डोळे बारीक करून बघत राहिले.

"म्याडम, तिला जरा म्होरं बसवा. हितनं लई बारकी दिसती."

मी तिला पहिल्या बाकावर आणलं.