पीकदाणीला थुंकणारं कोणी हवं

देवघरातलं निर्माल्य साचतं ना, तसे किस्से साचतात. रोज दोन फुलं, चार दूर्वा. वाटतं, एवढंसं तर आहे! आणि एके दिवशी बघावं तर टोपली ओसंडून वाहतेय, ती उचलून रामघाटावर नेल्याशिवाय गत्यंतर नाही. आमच्या ह्यांच्या पीकदाणीचं तसंच झालंय. तेव्हा आज टोपली रिकामी करते. एखादं फूल आवडलं तर ठेवून घ्या, बाकी शिप्रामाईच्या स्वाधीन!

आम्ही महाकालच्या गावातले, नानाखेड्याचे. हे देवासच्या एका कारखान्यात टूल-रूममध्ये होते, रोज देवास गेटच्या स्टँडवरून बसने जाऊन येऊन. शेजारी कुमुदवहिनी, त्यांचे मिस्टर रेल्वेत. दोन्ही घरांमध्ये भिंत एकच, त्यामुळे इकडे फोडणी टाकली की शिंक तिकडे!

सगळं सुरू झालं ते एका पांढऱ्या शर्टापासून. कारखान्यात बाहेरचे पाहुणे येणार होते म्हणून मी नीळ घालून, कडक इस्त्री करून दिलेला. हे बसमध्ये खिडकीशी बसले. पुढच्या खिडकीतून एका गृहस्थांनी झकास पिचकारी मारली आणि वाऱ्याने ती इमानदारीने मागच्या खिडकीत पोचती केली.

हे उठून म्हणाले, "भाईसाहब, ज़रा देखकर!"

त्या गृहस्थांनी वळून शर्टाकडे नीट पाहिलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, "मैंने तो बाहर ही थूका था. अंदर तो आप बैठे हैं!"

संध्याकाळी मी शर्ट धुवायला मागितला, तर म्हणाले, "हात लावू नकोस. पुरावा आहे तो!" आणि जेवण सोडून एका पीकदाणीचं चित्र काढत बसले.

* * *

ते दिवस बाजार खुला होण्याचे. टीव्ही लावला की नवीन कंपनी, नवीन साबण. ह्यांचं डोकं तेव्हा तापलेलंच असायचं. म्हणायचे, "परदेशी लोक इथे कोल्ड्रिंक आणतील, चिप्स आणतील, गाड्या आणतील. पण पिचकारीचं त्यांना काय कळणार? तिथे आपलंच राज्य!"

यंत्र खरंच छान होतं हो. वरती स्प्रिंगचं झाकण, त्याखाली तिरकं नरसाळं म्हणजे उलटं उडणार नाही, आणि तळाला लाकडाचा भुसा नि चुन्याची फक्की. थुंकलेलं दिसत नाही, वास येत नाही, गाडी हिंदकळली तरी सांडत नाही. बसचं मॉडेल पुढच्या सीटला अडकवायचं, घरचं मॉडेल पायाने दाबून उघडायचं.

मला ह्यांचा इतका अभिमान वाटला, की मी गुपचूप चिंतामणला गेले. तिथल्या रिवाजाप्रमाणे देवळाच्या भिंतीवर कुंकवाचं उलटं स्वस्तिक काढलं आणि नवस बोलले, "गणराया, ह्यांची पीकदाणी कोणीतरी घेईपर्यंत मी विडा खाणार नाही." देवासाठी सोडायचं ते आवडतंच सोडावं ना? आणि विड्यासारखं आवडतं मला दुसरं काही नव्हतं. गुलकंद, बडीशेप, वर लवंग टोचलेली... जाऊ दे!

नवस पुरा होईपर्यंत बोलून दाखवायचा नाही, ही सासूबाईंची शिकवण. बोललं की त्यातलं बळ जातं म्हणे. मी कोणाला बोलले नाही.

दुसऱ्याच दिवशी हे संध्याकाळी आले ते हातात पानांचा हा एवढा पुडा घेऊन! चेहरा उजळलेला. म्हणाले, "चल, बस इथे. मॉडेल तयार झालं. आता मला थुंकणारं कोणीतरी पाहिजे!"

* * *

मी नाही म्हटलं. कारण सांगता येईना. आज उपास आहे म्हटलं. उद्या? उद्या पण आहे.

ह्यांना स्वतःला पान चालत नाही, सुपारी लागते आणि घाम फुटतो. पुड्याला पुन्हा दोरा गुंडाळला. मग हळूच म्हणाले, "किळस येते ना तुला? येणारच. कामच घाणेरडं आहे माझं."

आणि गेले शेजारी.

कुमुदवहिनी म्हणजे तंबाखूच्या पानाशिवाय ज्यांचा दिवस उगवत नाही अशा. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. पहिल्यांदा "अय्या भाऊजी, छोडो ना, काहीतरीच!" मग खूप हसणं. मग टप्प. झाकणाचा आवाज. आणि मग आमच्या ह्यांचा आवाज, "वा वहिनी! काय निशाणा आहे!"

लग्नाला इतकी वर्षं झाली. माझ्या पुरणपोळीला हे "बरी आहे" म्हणतात. संस्कृतच्या परीक्षेत मी पहिली आले होते, तेव्हा "अच्छा" म्हणाले होते. आणि दुसऱ्या बाईच्या थुंकण्याला "वा"!

षड्रिपूंपैकी पाच जणांनी माझं घर कधी पाहिलं नाही. सहावा मात्र त्या दिवशी वाटी मागायला आला आणि मुक्कामालाच राहिला.

* * *

पुढे तर मापं सुरू झाली. सीटवर बसलेल्या माणसाच्या तोंडापासून पीकदाणी किती लांब हवी, ते काढायचं होतं. हे टेप घेऊन वहिनींच्या ओसरीत. वहिनी ताठ बसून तोंडाचा चंबू करून, त्यांचे मिस्टर टेपचं दुसरं टोक धरून. "ज़रा वर... हां, बस!"

मी ताक द्यायच्या निमित्ताने गेले. म्हटलं, "माझं पण माप घ्यायचं का?"

हे मान वर न करता म्हणाले, "तुझं काय करायचं? तू थुंकत नाहीस."

* * *

मग मी ठरवलं, आपण निदान तयारीत असावं. नवस पुरा झाल्यावर तरी उपयोगी पडू. न्हाणीघराचं दार लावायचं, पाण्याची चूळ भरायची, लांबून बादलीत मारायची. सुरुवातीला भिंतीवर, मग साबणाच्या डबीत, आणि हळूहळू, देवाच्या कृपेने, बादलीत! बादलीतून मगवर आले. "श्री गणेशाय नमः" म्हणून मारलं की चुकत नसे.

एके दिवशी वहिनी दारात. "अगं, तुमच्याकडे दुपारचा नळ येतो की काय? आमच्याकडे तर थेंब नाही. रोज आवाज ऐकते मी!"

मी म्हटलं, "नाही हो, जुन्या वॉशरचा आवाज."

त्यांनी आपल्या मिस्टरांना पाठवून आमचा चांगला नळ खोलून नवा वॉशर बसवून दिला. इतक्या चांगल्या बाईचा मत्सर करायचा, म्हणजे किती कष्ट पडतात, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

* * *

चैत्रातल्या हळदीकुंकवाला ह्यांनी घरचं मॉडेल मुद्दाम दाराशी मांडलं. "बायका पाहतील, त्यांचं मत कळेल." स्टीलचं, चकाचक घासलेलं, खाली पाट. मी गौरीपुढे पन्हं ओतत होते. बाहेर येऊन पाहते तर काय! पहिल्या बाईने त्याला हळदीकुंकू लावलं म्हणून मागच्या प्रत्येकीने लावलेलं. कोणी मोगऱ्याचा गजरा वाहिलेला, एकीने ओल्या हरभऱ्यांनी ओटीदेखील भरली होती!

मला वाटलं, ह्यांना वाईट वाटेल. तर हे खूश! "पाहिलंस? डिझाइन इतकं सॅनिटरी आहे, की लोक पाया पडतात!"

घरच्या सवाष्णीला त्या दिवशी कुंकू लावायचं मात्र सगळ्या विसरल्या.

* * *

गाडीतली ट्रायल राहिली होती. वहिनींकडे तेव्हा नुकतीच सेकंडहँड मारुती आलेली. त्यांचे मिस्टर चालवायला, शेजारी वहिनी पान भरून, त्यांच्यासमोर पीकदाणी. मागे हे कागद-पेन्सिल घेऊन, आणि ह्यांच्या शेजारी मी. मला कोणी बोलावलं नव्हतं. महाकालला सोडा म्हणून बसले होते.

बस स्टँडच्या पुढे स्पीडब्रेकर आहे. बरोब्बर त्याच क्षणी हे म्हणाले, "वहिनी, आता!"

गाडी उडाली, वहिनींची मान फिरली आणि माझ्या सोमवारच्या पांढऱ्या साडीवर खांद्यापासून निऱ्यांपर्यंत लाल पट्टा!

"अगं बाई! मी नाही गं, रस्ता!" वहिनी रडकुंडीला आल्या.

मी पदर झटकायला गेले, तर हे ओरडले, "थांब! पुसू नकोस!" मला वाटलं, रुमाल काढतायत. ह्यांनी टेप काढला. डाग मोजला, कोन मोजला आणि आनंदाने म्हणाले, "नरसाळं दोन बोटं वर घ्यायला हवं!"

त्या संध्याकाळी वहिनी साबण घेऊन माझ्याकडे आल्या, दोघींनी मिळून साडी चोळली. चोळता चोळता त्या म्हणाल्या, "तुझा हेवा वाटतो गं मला. तुझ्या नवऱ्याला काहीतरी वेड तरी आहे. आमचे रिटायर व्हायची वाट बघण्यापलीकडे काही करत नाहीत."

मी साडी चोळत राहिले. ज्या बाईचा आपण इतके दिवस मन लावून हेवा केला, तीच आपला हेवा करत होती, म्हणजे माझी मेहनत वायाच की!

* * *

शेवटी एक शेठजी भेटले. देवास गेटला त्यांचं बसचं गॅरेज. नवी लक्झरी बस काढणार होते, इंदूरसाठी. म्हणाले, "पोतनीसजी, चालू गाड़ी में दिखाइए. जँची तो हर सीट पर लगवा दूँगा." ह्यांनी कारखान्यातून रजा घेतली. आदल्या दिवशी जेवलेच नाहीत. मला म्हणाले, "हे जमलं नाही तर सगळं माळ्यावर टाकतो. लोक हसतायत आता."

वहिनी तयार होऊन आल्या, मी सोबत म्हणून.

इंजिन चालू, सगळी बस थरथरतेय. आधी शेठजींनी आपल्या ड्रायव्हरला बसवलं. त्याने पान चावलं, पीकदाणीकडे कौतुकाने पाहिलं, आणि सवयीने खिडकीतून बाहेर थुंकला. दुसऱ्याला बसवलं. तोही बाहेर!

शेठजी वैतागले. "इनसे नहीं होगा. मेरी बस में फ़ैमिली बैठेगी. किसी लेडीज़ को बिठाइए, साड़ी पर छींटा न आए तो बात है."

ह्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी खिडकीबाहेर पाहिलं. गॅरेजमधले सगळे ड्रायव्हर, क्लीनर, मेकॅनिक हात पुसत काचांना नाक लावून उभे!

"भाऊजी, घरची गोष्ट वेगळी," वहिनी म्हणाल्या. "इथे परक्या पुरुषांसमोर मी थुंकू? मी काय सर्कसमध्ये आहे का?" आणि ज्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या, त्या हलेनात.

शेठजींनी घड्याळ पाहिलं.

हे माझ्यासमोर आले. मॉडेल दोन्ही हातांत धरलेलं. आवाज इतका खाली, की इंजिनात जेमतेम ऐकू आला. "तुला किळस येते, मला ठाऊक आहे. पण एकदाच. माझ्यासाठी."

इतके महिने ह्याच शब्दांची वाट पाहिली होती. मी डोक्यावर पदर घेतला आणि शेठजींकडे वळले.

"शेठजी, पहले आप हाँ कहिए. लेना है कि नहीं? उसके बाद मैं पान खाऊँगी."

"देखे बिना?"

"देखे बिना."

"अगं, असं कुठे असतं का!" हे कळवळले. ड्रायव्हर हसायला लागले. मी हात जोडून उभी. मागे सरकले नाही.

शेठजींनी ड्रायव्हरांना हाताने गप्प केलं. मग म्हणाले, "पोतनीसजी, मैंने तो ब्याह भी लड़की देखे बिना किया था. पीकदानी क्या चीज़ है! चलो, ले ली."

"पक्का?"

"अरे बहनजी, पक्का! पूरी बस में लगेगी. अरे, कोई पान लाओ रे! बहनजी के लिए है, मीठा लाना."

"दो मँगवाइए," मी म्हटलं.

बाहेरून एक ड्रायव्हर ओरडला, "बहनजी दोनों तरफ़ से थूकेंगी!"

पानं आली. एक मी गणरायाचं म्हणून कपाळाला लावलं आणि पदराच्या टोकात गाठ मारून ठेवलं. ह्यांनी गाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुसरं पान मी तोंडात घातलं.

बस थरथरतेय. शेठजी वाकून बघतायत. वहिनी मागच्या सीटवरून मान लांब करतायत. हे गुडघ्यावर बसून पीकदाणी माझ्या हनुवटीखाली धरून, झाकणावर अंगठा. काचांना सगळी नाकं चिकटलेली.

गुलकंद होता. बडीशेप होती. खोबऱ्याचा कीससुद्धा होता.

"आता," हे म्हणाले.

मी चावत राहिले.

"अगं, थुंक ना!"

मी डोळे मिटले आणि विडा गिळला.

इंजिन तेवढं घरघरत होतं. मग शेठजींनी चष्मा लावला, पीकदाणीचं झाकण उघडून आत पाहिलं, माझ्या साडीवरून नजर फिरवली, आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"मानना पड़ेगा, पोतनीसजी. एक छींटा नहीं!"