फौजीची दालमिल

आज सकाळी पुसदहून म्हशीसाठी चुनीचं पोतं आलं आणि तोंड सोडताच तुरीच्या फोलपटाचा तो कोरडा, घशाला लागणारा वास घरभर झाला. दादाची दालमिल सुरू झाली त्या दिवसाचाच वास. दादा, माझा मोठा भाऊ, फौजेतून रिटायर होऊन आला, तेव्हा गावानं त्याला उघड्या जीपमधून, डीजे लावून मिरवलं होतं. मिळालेले सगळे पैसे त्यानं गावातच मिल टाकण्यात घातले. "देशासाठी बारा गावचं पाणी प्यालो, आता आपल्या पोरायले काम देतो," म्हणायचा. उद्घाटनाला अख्खं गाव लोटलं. मशीन धडधडली, पिवळीधमक डाळ पडू लागली, भुशानं सगळ्यांचे केस पांढरे झाले. दादानं हौसेनं विचारलं, "उद्यापासून कोण येते कामाले?" पोरं पेढा चघळत राहिली. शेवटी एक जण म्हणाला, "दादा, मिलमधल्या पोराले पोरगी कोण देईन?" त्याचा बाप हात जोडून पुढे आला, "फौजीसाहेब, मिल त कोणीबी चालवते. तुम्ही या पोरायले भरतीची ट्रेनिंग द्या." तेव्हा कुठे टाळ्या पडल्या, आणि अशा पडल्या की मशीनचा आवाज ऐकू येईना. हंगाम संपायच्या आत मिलला कुलूप लागलं. तिच्याच आवारात दादा अजून रोज पहाटे शिट्टी वाजवतो, पोरं धावतात. गेल्या भरतीत एकही लागला नाही. ज्यांचं वय निघून गेलं, ते मिलच्या बंद दाराला टेकून धाकट्यांचं धावणं बघत बसतात. लग्न त्यांच्यातल्या एकाचंही झालेलं नाही.