बाईंच्या काचा काळ्या पडल्या

“काय चोरून चाललीस गं? उतरव तो डबा.”

माथेरानच्या एका हॉटेलाचं मागचं फाटक. भर दुपार. मॅनेजर खुर्चीत पाय पसरून बसलेला. खालच्या गावांतून कामाला येणाऱ्या आम्हा बायांनी बाहेर पडताना गाठोडं सोडून दाखवायचं, पदर झटकायचा, अशी तिथली रीत. पाहुण्यांच्या पेट्या कधी कुणी उघडल्या नाहीत.

त्या दिवशी माझ्या डोक्यावर बाईंचा डबा होता.

बाई मुंबईच्या एका संशोधन संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ. त्या खात्यात बाईमाणूस त्या एकट्याच. आभाळातून बारीक कण सारखे पडत असतात, आपल्या अंगातूनही आरपार जातात, हे मला त्यांनीच सांगितलं. काळ्या कागदात बांधलेल्या, फोटोच्या असतात तसल्या खास काचांवर त्या कणांच्या रेघा उमटतात. डोंगरावर जास्त. म्हणून त्यांनी तो डबा हॉटेलामागच्या पत्र्याच्या खोलीत चार महिने ठेवला होता. मी तिथं चादरी धुवायचे. चौथी शिकलेली, म्हणून रोजची तारीख आणि थर्मामीटरचा आकडा वहीत लिहायचं काम मला दिलं. “तुम्ही लिहा,” म्हणाल्या. तुम्ही. मला. ताकीद एकच. उजेड लागला की सगळं संपलं, डबा उघडायचा नाही.

बाकीचं सामान घेऊन बाई स्टेशनवर पुढे गेल्या होत्या. डबा मी आणायचा होता.

“बाईंचा हाय साहेब. उघडायचा नाय.”

“बाई तुझ्या हातात देतील? बुद्धाचे झालात म्हणून साव झालात काय गं?”

व्हरांड्यातले पाहुणे हसले. कानाखाली बसली. मग डबा मी उघडला. होय, मीच. त्यानं एकेक पुडा सोडला, एक काच उन्हात धरली. “नुसत्या काचा तर आहेत.”

मी पुडे होते तसे बांधले. स्टेशनवर बाईंनी विचारलं, “नीट आणलात ना?”

“व्हय बाई.”

मार खाल्ल्याचं सांगायची लाज वाटली. एवढंच. दुसरं कारण खूप शोधलं, सापडलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात बाई खोली रिकामी करायला आल्या. पार वाळलेल्या. काचा धुतल्यावर सगळ्या काळ्या निघाल्या, म्हणाल्या. संस्थेतल्या मोठ्या साहेबांनी काम काढून घेतलं होतं. “बाईला साधा डबा सांभाळता येत नाही,” असं भर सभेत बोलले होते.

“माझंच बांधणं कुठंतरी सैल राहिलं असेल हो,” बाई मला म्हणाल्या. वर माझ्या वहीचं कौतुक. एक दिवस चुकला नाही म्हणे.

मी चादर पिळत राहिले.

त्या संध्याकाळी मॅनेजर नेहमीसारखा म्हणाला, “सोड गाठोडं.”

“नाय सोडत. आदी पायुण्यांच्या पेट्या सोडा, मंग माजं.”

त्यानं हात उगारला. मी तो मनगटात धरला. काम गेलं. डोंगर उतरले ती पुन्हा चढले नाही. लोक अजून त्या गोष्टीचं कौतुक करतात. मला ते ऐकवत नाही. तो हात मी माझ्यासाठी धरला. बाईंसाठी धरायचा होता तेव्हा डबा उघडला.

पुढे कळंबला बालवाडीत लागले. बाईंना पत्र लिहायला घ्यायचे, फाडायचे. वीस वर्षं हेच.

गेल्या महिन्यात बाई गेल्याचं पेपरात आलं. चार ओळी. त्यांतली एक अशी, की माथेरानचा प्रयोग त्यांच्या निष्काळजीपणामुळे फसला. मेल्यावरही तेच.

मी सगळं लिहून काढलंय. मॅनेजरचं नाव, माझं नाव, गाव. टपालानं पाठवलं तर कुठल्या तरी कपाटात पडून राहील. म्हणून सोमवारी स्वतः संस्थेत जाणार आहे. माफी मागायला नाही. ती देणाऱ्या आता नाहीत, आणि दुसऱ्या कुणाकडून मला ती नको. साहेब असतील त्यांच्यासमोर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणार. आणि त्यांच्या कागदांत बाईंच्या नावापुढे लागलेला तो ‘निष्काळजी’ शब्द खोडून घेतल्याशिवाय उठणार नाही.