दाखल्यांच्या टेबलावरचे दिल्लीवाले

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात दाखले देणाऱ्या बाबूंना सगळे ‘दिल्लीवाले’ म्हणतात, कारण ते दिल्लीतल्या एका नामांकित विद्यापीठातून एमए झालेले आहेत. बोलताना ते माणसाकडे बघत नाहीत, शिक्क्याकडे बघतात. बाहेर शिकायला निघालेल्या प्रत्येकाला एकच गोष्ट ऐकवतात, “मी बी तिथी शिकलो. आता इथी शिक्के मारून राह्यलो.”

माझी मुलगी बारावी झाली आणि तिला त्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला. दाखला आणायला मी तिला मुद्दाम सोबत नेलं. बाबूंचं ऐकून तिनं ब्रह्मपुरीतच राहावं, एवढाच माझा हेतू होता.

बाबूंनी ऐकवलं. मी समाधानानं मुलीकडे पाहिलं.

तिनं विचारलं, “काका, तुमचा पुन्हा तिथी नंबर लागला, तर जाल का नाई?”

बाबूंनी शिक्का खाली ठेवला आणि वर पाहिलं.

“जाईन ना बाई. नोकरी हेच भेटन म्हणून आधीच सांगतलं, तरी जाईन.”

मग ते स्वतः उठून प्राचार्यांची सही घेऊन आले. मी हात पुढे केला होता. दाखला त्यांनी मुलीच्या हातात दिला.