सगळ्यांना आत घेणाऱ्या सहा ओळी

जव्हारला शिकून ठाण्यात प्रोग्रामर झालो तेव्हा आपल्याइतकं हुशार गावात कोणी नाही, याबद्दल मला शंका नव्हती. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमच्या कंपनीने जव्हारच्या एका कार्यालयाला वसतिगृहाचे अर्ज मुंबईच्या सर्व्हरवर पाठवणारा प्रोग्राम दिला होता. सर्व्हर बदलला, म्हणून वरिष्ठांनी कळवलेला नवा पत्ता भरायला मी गेलो. पत्ता भरताच प्रोग्राम अडून बसला : समोरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, ओळखीचं नाही.

ज्यांच्यावर भरवसा ठेवायचा त्यांची सर्टिफिकेटं प्रोग्राम कीस्टोअर नावाच्या फायलीत ठेवतो. नवं सर्टिफिकेट पडताळून कोडने त्यात घालायचं, एवढंच काम होतं. वरिष्ठ फोनवर म्हणाले, "तपासणीच बंद कर. दुपारची एसटी मिळेल."

मी सहा ओळी लिहिल्या. आता पलीकडे कोणीही असो, प्रोग्राम मान डोलावणार होता. अर्ज भराभर गेले. कार्यालयातल्या साहेबांनी चहा मागवला.

तिथल्या क्लार्क बाई मोखाड्याकडच्या, नाचणी पिकवणाऱ्या घरातल्या. त्यांनी विचारलं, "सर, नेमकं काय केलंत?"

मी ऐटीत सांगितलं.

"म्हणजे पलीकडे कोण आहे, ते बघतच नाही?"

"तशी गरज नसते."

बाईंनी बाकावर बसलेल्या, दाभोसा गावच्या गृहस्थांकडे बोट केलं. "मुलीच्या दाखल्यावर शिक्का नव्हता म्हणून यांना मी काल परत पाठवलं. आज पुन्हा जीपने आलेत. यांना काय सांगू?"

मी ओळी काढल्या. मुंबईच्या ऑपरेटरला फोन लावून खऱ्या सर्टिफिकेटचा ठसा, म्हणजे त्याची ओळख पटवणारी अक्षरं-आकडे, वाचायला सांगितला. प्रोग्रामला मिळालेल्या सर्टिफिकेटचा ठसा मी छापून दिला; बाई त्या कागदावर पट्टी धरून जुळवू लागल्या.

"पहिलंच जुळत नाही, सर."

तेव्हा मी पत्ता नीट पाहिला. वरिष्ठांनी दिलेला पत्ता आमच्याच कंपनीतल्या चाचणीच्या मशीनचा होता. सकाळपासूनचे अर्ज तिथे गेले होते, आणि तिथलं सगळं दर आठवड्याला पुसलं जायचं.

खरा पत्ता भरला. ठसा शेवटच्या अक्षरापर्यंत जुळल्यावर बाईंनी मान हलवली, मग मी कोडने सर्टिफिकेट कीस्टोअरमध्ये घातलं. अर्ज पुन्हा पाठवले, दाभोशाच्या गृहस्थांच्या मुलीचा सर्वांत आधी.

मी फोन करून सांगितलं तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "हे तिथे कोणाला कळू देऊ नकोस."

"बाईंनीच पकडलं. देऊ का त्यांना फोन?"

वरिष्ठांनी फोन ठेवला. पुढे कंपनीत हा किस्सा मी पुष्कळदा सांगितला. त्यात पट्टी धरून चूक पकडणारा मीच असायचो.