खाडीपलीकडचा चढ

आमच्या सायकलच्या वाटा मी दोऱ्यानं मोजायचो. कॉलेजच्या ग्रंथालयात रस्त्यांचा एक मोठा नकाशा होता. दुपारी वाचनकक्ष रिकामा झाला की मी तो टेबलावर पसरायचो, शिवणाचा दोरा ओला करून कोकणातल्या एखाद्या रस्त्याच्या वळणावळणांवर बसवायचो आणि मग सरळ करून पट्टीला लावायचो. संध्याकाळी घरी येऊन पत्नीला आकडा सांगितला की ती म्हणायची, "अहो, दोऱ्याला चढ कळत नाय."

तिला कळायचा. गंगापूरजवळच्या एका खेड्यातून ती उसाच्या बैलगाड्या चुकवत सायकलनं शाळेत गेलेली. मी ग्रंथपाल, सायकल फक्त घर ते कॉलेज. दिवाळीच्या सुटीत कोकणात सायकलनं हिंडायचं, ही कल्पना तिचीच. "समुद्र एका जागी बसून काय बघायचा? त्याच्या कडंकडंनं जायचं," असं तिचं म्हणणं. एसटीच्या टपावर दोन सायकली बांधून आम्ही चिपळूणला उतरायचो आणि तिथून सात-आठ दिवस नकाशावरच्या त्या बारीक रेघांवरून जायचो.

पहिल्या वर्षी तिनं कॅरिअरला पाच लिटरचा पाण्याचा कॅन बांधला होता. नळाला पाणी कधी येणार ही ज्या शहरात सकाळची पहिली बातमी असते, तिथून आम्ही निघालो होतो. पाण्याशिवाय घराबाहेर पडायचं आम्हाला दोघांनाही सुचलं नाही. तो कॅन तिनं दोन घाट चढवला. तिसऱ्या चढावर रस्त्याकडेच्या वाहत्या पऱ्ह्यात एक बाई कपडे धूत होती. तिनं कॅनकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "पानी घेऊन आलाव कोकणात? नारळ पन आनलेत काय बरोबर?"

पत्नी हसून हसून खाली बसली. पण पाणी रस्त्यावर ओतून द्यायला तिचं मन होईना. तिनं तो कॅन एका आंब्याच्या बुंध्याशी सावकाश रिकामा केला. त्यानंतर दोघांच्या सायकलींना एकेक बाटली राहिली.

पाण्याचा एक नियम मात्र तिनं कायम ठेवला. तिच्या लहानपणी गावातल्या बायका लांबच्या विहिरीवरून पाणी आणायच्या. हंडे उतरवले तरी सगळ्यात मागची बाई पोचेपर्यंत कुणी घोट घ्यायचा नाही, अशी रीत होती. ती तिनं चढांना लावली. जो आधी वर पोचेल त्यानं दुसरा येईपर्यंत पाणी प्यायचं नाही.

आधी नेहमी तीच पोचायची. पंधरा-सोळा वर्षांत एकदाही मी तिच्या आधी वर पोचलो नाही. शेवटच्या वळणावरून मी सायकल हाकत यायचो, तेव्हा ती पाठमोरी उभी असायची आणि कॅरिअरच्या पिशवीचे बंद सोडत-बांधत असायची. मी थांबलो की वळून बाटली पुढं करायची. "घ्या, आधी तुम्ही. लई दमलात?" मी म्हणायचो, "छे." त्या 'छे'मागचं खरं इथं लिहून टाकतो. चढाचा निम्मा भाग मी खाली उतरून सायकल ढकलत चालायचो आणि शेवटच्या वळणाआधी पुन्हा बसायचो.

किनाऱ्याचा रस्ता किनाऱ्यानं जात नाही, हेही आम्ही तिथंच शिकलो. तो खाडीशी उतरतो, पाण्यापलीकडं पुन्हा चढतो, डोंगरावरून समुद्राची एक पट्टी दाखवतो आणि लगेच दुसऱ्या खाडीत घेऊन जातो. उतारावर ब्रेकच्या रबरांचा जळका वास यायचा. आता ते दिवस आठवतात तेव्हा आधी तो वास आठवतो, मग समुद्र.

शेवटच्या सहलीत माझी चूक झाली. त्रिपुरी पौर्णिमेचा दिवस होता. एका खाडीवर होडी दिवसभर चालते असं मी वाचलं होतं, धक्क्यावरच्या पाटीवरही तसंच लिहिलेलं होतं. पाच वाजता पोचलो तर होडी चिखलात कलंडलेली आणि पाणी दूर मधोमध एका ओहोळाएवढं. ज्या मुलखात तळं वर्षभर एका जागी राहतं, किंवा आटतं, तिथला मी माणूस. पाणी रोज निघून जातं हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण वाट आखताना ते ध्यानातच आलं नाही.

"पाटीवर तर सहापर्यंत लिहिलंय," मी होडीवाल्याला म्हणालो.

"पाटी मान्सानं लिवलीय," तो म्हणाला. "पानी ती वाचत नाय."

पत्नीला पुन्हा हसू फुटलं. मग त्यानं हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. "आज पुनव. पंधरा. पाऊणपट सव्वाअकरा. उद्या दुपारच्या आधी या, नेतो पलीकडं."

तिनं पलीकडच्या चढाकडं बोट केलं. "वर काय हाय?"

"वर? सडा. नुसता सपाट कातळ, गवत. तुमच्या मुलखासारका."

"आपल्यासारखं? समुद्राच्या डोक्यावर?" ती माझ्याकडं वळली. "अहो, राहू ना एक रात. बघून जाऊ."

परवा ग्रंथालयातल्या पुस्तकांची मोजणी सुरू होणार होती. मी नाही म्हणालो. ती रागावली नाही. "मग पुढच्या वर्षी," एवढंच म्हणाली आणि सायकल वळवली.

पुढच्या वर्षी दवाखाने सुरू झाले. त्या दीड वर्षात तिनं कशाची खंत केली नाही, माझ्या त्या नकाराची तर नाहीच. एकदा सलाइन चालू असताना एवढंच म्हणाली, "त्या सड्यावर जाऊन या. खरंच आपल्यासारखं हाय का, बघा." मी हो म्हणालो. ती गेल्यावर ते एक 'हो' माझ्याकडं राहिलं. आणि एक भीतीही राहिली. त्या चढावर मी पोचलो, तर बाटली हातात घेऊन वाट कुणाची बघायची?

गेल्या त्रिपुरीच्या आधी मी तिची सायकल बाहेर काढली, कारण तिचे गिअर हलके. गुलमंडीच्या मागं एक म्हातारा मिस्त्री आहे; दर दिवाळीला आमच्या सायकली त्याच्याच हातून जायच्या. त्यानं चेन पुसली, रबरं बदलली. सीटला हात लावणार तेवढ्यात मी म्हणालो, "ती राहू द्या."

"घुटने जाते साब. बच्चों की गाडी पे बैठे सरीका दिखते तुम," तो म्हणाला. त्यानं कानस घेतली, सीटखालच्या नळीवर एक बारीक रेघ ओढली आणि मग सीट वर केली. "भाभी का निशान लगा दिया. जब दिल करे, नीचे कर लेना."

बजाजनगरहून मुलगी मला बसवून द्यायला आली. "बाबा, चढ आला की उतरायचं हं," ती म्हणाली. सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीत आडवी ठेवली.

पौर्णिमेला अकराच्या सुमारास धक्क्यावर पोचलो. खाडी काठोकाठ भरलेली होती. होडीवाला तोच, केस पांढरे झालेले. त्यानं मला ओळखलं नाही.

"बरोब्बर टायमाला आलाव," तो म्हणाला.

"पंधराची पाऊणपट."

"अरे वा! कुनी शिकवलं?"

"इथंच कुणीतरी," मी म्हणालो. तो खूष झाला आणि त्यानं सायकल स्वतः उचलून होडीत ठेवली.

चढ खरोखरच कठीण होता. पहिली दोन वळणं कसाबसा चढलो, मग उतरून ढकलत निघालो. शेवटचं वळण दिसल्यावर सवयीनं पुन्हा सीटवर बसलो आणि हाकत वर आलो. वर कुणीच नव्हतं.

पिवळं गवत, काळा कातळ, पार टोकापर्यंत सपाट. मी बाटली काढली, झाकण उघडलं आणि मागं वळून पाहिलं.

खाली सगळा रस्ता दिसत होता. एकूण एक वळण. जिथं मी उतरलो ती जागा, समुद्र बघायचं निमित्त करून टेकलो तो दगड, आणि पुन्हा सीटवर बसलो ते शेवटचं वळण, अगदी स्वच्छ. मी तिथंच उभा राहिलो. सगळे चढ काही असे उघडे नव्हते, पण बरेच होते. इतकी वर्षं ती कोरड्या घशानं वर उभी राहून मला ढकलत येताना बघत होती. मी सायकलवर बसताना दिसलो की पाठ फिरवत होती, पिशवीचे बंद सोडत होती, म्हणजे मला तिच्यासमोर सायकलवरून येता यावं. एकदाही कधी बोलली नाही. चेष्टासुद्धा केली नाही, आणि चेष्टा करायची संधी ती सहसा सोडत नसे.

सायकल ढकलत कुणी तेवढा रस्ता चढून यायला जितका वेळ लागेल, तितका वेळ मी थांबलो. घसा कोरडा पडला. एवढं थांबणं ती माझ्यासाठी दर चढाला करत होती, हे मला त्या दिवशी घशातून कळलं. मग पाणी प्यायलो. वाटलं होतं तसं ते अडकलं नाही.

"व्हय," मी तिच्यासारखं म्हणालो, "आपल्यासारखंच हाय. वारा तेवढा खारट हाय."

सड्यावरून रस्ता पुढं एका ओढ्यात उतरत होता आणि पलीकडं पुन्हा एक चढ दिसत होता. त्याच्या पायथ्याशीच मी खाली उतरलो आणि सायकल हातात धरून, उघडपणे, चालायला लागलो.